डावीकडे ओढणारी गाडी

सिंधुबाईंनी आयुष्यातला निम्मा प्रवास नवऱ्याच्या पाठीमागं बसून केला, आणि त्या प्रवासात त्याच्याशी कधी एक शब्द बोलल्या नाहीत. भारत साळवे माजलगाव आगारात एसटीचे ड्रायव्हर होते. माहेरी जायचं असो की बाजाराला, जमेल तेव्हा सिंधुबाई त्यांचीच गाडी धरायच्या आणि केबिनमागच्या बाकावर बसायच्या. समोर पाटी असायची, गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये अशी. भारत ती पाटी बायकोलाही लागू करायचे. एकदा लहानग्या पंचशीलानं मध्येच "बाबा" अशी हाक मारली, तर त्यांनी मान वळवली नाही. पुढचा थांबा आला, गाडी उभी राहिली, मग मागं वळून त्यांनी विचारलं, "काय पाह्यजे, बाळा?" तोवर पंचशीला झोपून गेली होती.

म्हणून रिटायर झाल्यावर चारचाकी घ्यायची आणि सिंधुबाईला शेजारी बसवून कपिलधारच्या धबधब्यावर न्यायचं, हे घरात फार आधीपासून ठरलेलं होतं. वाटभर पोट भरून बोल, असं भारत म्हणायचे. नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती आणि हौसही नव्हती. जुनी घ्यायची तर कुणाकडून, हा प्रश्नच नव्हता. माजलगावच्या बाहेरच्या रस्त्यावर विलासचा कार बाजार होता.

विलास म्हणजे दिंद्रुडच्या घराशेजारच्या कडूबाईचा मुलगा. कडूबाई आणि तिचा नवरा दसरा झाला की ऊसतोडीला जायची, ती उन्हाळ्याच्या तोंडाला दिंद्रुडला परत यायची. शाळा बुडू नये म्हणून विलासला मागं ठेवायची, आणि मागं म्हणजे सिंधुबाईच्या चुलीपाशी. वर्षातला अर्धा काळ तो साळव्यांच्या घरातच वाढला. सिंधुबाईला तो मोठीमाय म्हणायचा, भारतना तात्या. दहावीत गाडं अडलं तेव्हा तात्यांनीच त्याला ड्रायव्हिंग शिकवलं. ओळखीच्या एकाची जुनी जीप सुट्टीच्या दिवशी मागून आणायची आणि कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर न्यायची. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली की काटे कसे दिसतात, तसे हात स्टेरिंगवर हवेत, असं तात्यांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. हात खाली घसरला की बोटांवर लाकडी पट्टी बसायची. लहानगी पंचशीला मागं बसून ती पट्टी सांभाळायची आणि विलासला कधी बसते याची वाट बघायची.

त्या हातांवर विलासनं पुढं संसार उभा केला. आधी लोकांच्या गाड्या चालवल्या, मग पुण्याकडून जुन्या गाड्या आणून विकू लागला, मग स्वतःची पत्र्याची शेड टाकली. पंचशीलाच्या बाबांना त्याचं एवढं कौतुक की स्वतः प्रवासी म्हणून एसटीत बसले तर शेजारच्या अनोळखी माणसालाही ती शेड बोट करून दाखवायचे.

नोकरीत असताना गाडी ताब्यात घेण्याआधी बाबा तिच्याभोवती पूर्ण फेरी मारायचे. टायरवर पाय मारायचे, वाकून खाली डोकवायचे, स्टेरिंग हलवून बघायचे. आगारातले मेकॅनिक वैतागायचे. विलासच्या शेडमध्ये त्यांनी यातलं काहीच केलं नाही. पंचशीला माजलगावच्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत होती, आणि मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही ही तिची खोड घरात सगळ्यांना माहीत होती. ती म्हणाली, बाबा, एकदा रस्त्यावर चालवून तर बघा. तेव्हा त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"घरचं ताट पुढं आल्यावर तू वरणात खडे बघती का? त्याच्यासमोर गाडी तपासली तर त्याला काय वाटंल?"

विलासनं किल्ली हातात दिली, मोठीमायच्या पायांना हात लावला आणि शेडमध्ये पेढे वाटले. गाडी एका डॉक्टरची होती, कायम सावलीत उभी असायची, असं त्यानं सांगितलं. पांढरी शुभ्र गाडी होती. पुढं कधी काही वाटलं तर सरळ घेऊन यायचं, म्हणाला, माझं घर काय दुसऱ्याचं आहे का.

दिंद्रुड येईपर्यंत बाबांच्या ध्यानात आलं की गाडी डावीकडे ओढते. हात जरा सैल पडला की ती रस्त्याच्या कडेला सरकायची. आठवड्याभरानं ते गाडी घेऊन विलासकडे गेले. त्यानं चाकांचं अलाइनमेंट करून दिलं. गाडी तशीच. पुन्हा गेले, तर त्यानं पुढचा डावा टायर बदलून दिला, तोंडावर आठीसुद्धा आणली नाही. गाडी तशीच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा पंचशीला कॉलेजातून परस्पर तिथं आली होती. विलासनं गाडी स्वतः एक चक्कर मारून आणली, खाली उतरला, हसला आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तात्या, गाडीत काई न्हाई. तुमचा हात बसचा हाय. तिथं जोर लावायची सवय. ह्या गाडीवर तुमचा हात अजून बसला न्हाई. आन वय बी झालंच की आता."

हे तो फार मायेनं म्हणाला.

आता प्रश्न सरळ होता. खोट गाडीत आहे की बाबांच्या हातात. हातात असली तर ती बाबांपाशी संपत होती. गाडीत असली तर ती विलासपर्यंत जात होती. पंचशीलाला हे एवढं स्वच्छ कळायला बराच वेळ लागला. बाबांना बहुतेक परतीच्या वाटेवरच कळलं असावं, आणि त्यांनी हात निवडला.

दुसऱ्या दिवसापासून ते हातांच्या मागं लागले. पाण्यानं भरलेलं ताट दोन्ही हातांवर धरून अंगणात उभे राहायचे आणि पाणी कुठल्या बाजूला सांडतं ते बघायचे. पंचशीलाच्या खडूनं न्हाणीच्या भिंतीवर आडव्या रेघा मारायचे. सिंधुबाई म्हणायच्या, पाटी-पेन्सिल आणून देऊ का, उद्या शाळेत नाव घालू. ते हसायचे नाहीत. डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरांनी डोळे उत्तम आहेत म्हटल्यावर त्यांचा चेहरा अधिकच पडला, कारण आता सगळा दोष हातांवरच येत होता. जो माणूस उभी नोकरी एकही अपघात न करता पार पाडून आला आणि निरोपाच्या दिवशी त्यासाठी शाल-नारळ घेऊन आला, तो जेवताना घास उचलायच्या आधी क्षणभर बोटांकडे बघू लागला.

कपिलधारला ते गेले. ठरलेलंच होतं, टाळणार कसं. सिंधुबाई नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसल्या. मागं पंचशीला. गाव मागं पडल्यावर सिंधुबाईंनी पदर सावरला आणि अगदी रीतसर विचारलं, "काय ड्रायव्हरसाहेब, आता बोललं तर चालतंय का?"

बाबांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "जरा थांब," ते म्हणाले. "ध्यान इकडं तिकडं होतंय."

सिंधुबाई थट्टा समजून हसल्या. मग त्यांनी नवऱ्याच्या शर्टाकडे बघितलं. थंडीचे दिवस होते आणि शर्ट पाठीला चिकटलेला होता. त्यानंतर जाताना त्या काही बोलल्या नाहीत. धबधब्यापाशी तिघांनी दशम्या खाल्ल्या, सिंधुबाईंनी पाण्यात पाय सोडले. घरून आणलेल्या सगळ्या गोष्टी त्या तिथंच, जमिनीवर बसून बोलून घेत होत्या. बाबा ऐकत होते आणि उजवा दंड दाबत होते.

परत येताना माजलगावच्या अलीकडे उसानं भरलेली एक बैलगाडी पुढं होती, बाबा तिला उजवीकडून ओलांडत होते. मागून ट्रॅक्टरनं कर्कश हॉर्न दिला. बाबांची नजर आरशाकडे गेली आणि तेवढ्या वेळात गाडी डावीकडे सरकली. या बाजूचा बैल बिचकला, त्याच्या शिंगानं डावीकडचा आरसा उडवला. कुणाला लागलं नाही. गाडीवान तरणा होता. त्यानं आधी बैलाला थोपटून शांत केलं, मग खिडकीपाशी आला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "आजोबा, घरी बसा आता. कुणाचं तरी लेकरू माराल."

बाबांनी गाडी घरी आणली, ताडपत्रीनं झाकली आणि किल्ली खुंटीला अडकवली. लायसन्सची मुदत संपत आली होती, ते आता पुन्हा करायचं नाही, असं त्यांनी जेवताना सांगून टाकलं. विलासला फोन करून सांगितलं की तुझंच बरोबर होतं. पलीकडून तो काय म्हणाला हे पंचशीलाला कळलं नाही. बाबा मात्र त्यालाच धीर देत होते, तू काय जिवाला लावून घेऊ नको म्हणून.

पंचशीलाला शंका आली ती पावलांच्या ठशांवरून. एका सकाळी सिंधुबाईंनी अंगण झाडून पाणी शिंपडलं होतं आणि बाबा फाटकापासून लिंबाच्या झाडापर्यंत डोळे मिटून चालत होते. आपण स्वतःच डावीकडे झुकतो का, हे त्यांना बघायचं होतं. ते निघून गेल्यावर पंचशीला त्या ठशांपाशी उभी राहिली. वर्गात तिनं हा खेळ मुलांकडून करून घेतला होता. डोळे बांधले की बहुतेकजण कुठल्यातरी एका बाजूला वळतात. बाबांचे ठसे सरळ होते. डोळे मिटून इतकं सरळ चालणारा माणूस उघड्या डोळ्यांनी डावीकडे जातो, हे काही तिला पटेना.

रविवारी बाबा विहारात वंदनेला गेले तेव्हा तिनं ताडपत्री काढली. एका गवंड्याकडून ओळंबा मागून आणला होता. एकेका चाकाच्या मधोमध तो धरून तिनं खालच्या फरशीवर खडूनं खुणा केल्या, गाडी ढकलून बाजूला केली आणि पुढच्या-मागच्या खुणांमध्ये दोरी ताणली. आधी उजवीकडं, मग डावीकडं. उजवीकडं पुरलेली दोरी डावीकडं दोन बोटं उरली. आपलंच चुकलं असेल म्हणून तिनं सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच. गाडीचं डावं अंग उजव्यापेक्षा आखूड होतं. मग तिनं डाव्या बाजूचं पुढचं जाजम उचकटलं. खाली, रंगाच्या थराखाली, पत्र्याला पत्रा डागून जोडल्याची जाड शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली होती. गाडी कधीतरी या अंगानं जोरात आदळली होती. मोडलेला भाग कापून दुसऱ्या कुठल्या गाडीचा तुकडा तिथं बसवला होता, आणि तो नीट बसला नव्हता. अशी गाडी कितीही अलाइनमेंट केलं तरी आखूड अंगाकडेच जाणार.

पंचशीलाला आनंद झाला, ही गोष्ट ती नंतर फार दिवस विसरू शकली नाही. बाबांचा हात आपण त्यांना परत देतोय, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ते फाटकातून आत येताच तिनं त्यांना हाताला धरून गाडीपाशी नेलं, खुणा दाखवल्या, दोरी ताणून दाखवली. बाबा वाकले. त्या शिवणीवरून त्यांनी बोट फिरवलं, एकदा, मग उलट दिशेनं पुन्हा.

"दोरी गुंडाळून ठेव," ते म्हणाले.

मग ते गाडीच्या उंबऱ्यावर बसले. सिंधुबाई चहा घेऊन आल्या तेव्हा म्हणाले, "विलासला म्हाईत नसंल. त्यानं बी कुणाकडून तरी घेतलेलीच ना."

पंचशीला म्हणाली की तो रोज गाड्याच बघतो, जाजम उचलून बघणं हे त्याचं कामच आहे.

"म्हाईत नसंल म्हणलं ना."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. पण पंचशीलानं दोरी गुंडाळायला घेतली. सिंधुबाई म्हणाल्या, इथं बसून घोळ घालण्यापेक्षा पोराला जाऊन विचारा की, आपलंच पोर आहे. खुंटीवरची किल्ली त्यांनीच काढून आणली.

बाबांनी गाडी बैलाच्या चालीनं चालवत नेली. तिघंही गेले. विलास गिऱ्हाइकांशी बोलत होता, त्यांना तसंच सोडून आला, मोठीमायला खुर्ची दिली, चहा सांगितला. बाबांनी त्याला गाडीपाशी नेलं, जाजम उचलून जोड दाखवला. पंचशीलानं मोजलेलं काहीच त्यांनी सांगितलं नाही, पैशाचं बोलले नाहीत, गाडी परत घे म्हणाले नाहीत.

"तुला म्हाईत होतं का न्हवतं, येवढंच सांग. दुसरं मला काई नको."

विलासनं जोडाकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले. "न्हवतं, तात्या. मोठीमायची आण. मला बी फसवलं त्या लोकांनी."

गाडी आत्ताच्या आत्ता परत घेतो, उद्या सगळे पैसे आणून देतो, नाहीतर शेडमधली पाहिजे ती न्या, असं तो घाईघाईनं बोलत होता. सिंधुबाई उठल्या, त्याच्या गालावरून हात फिरवून त्यांनी कानशिलावर बोटं मोडली आणि मग पदरानं स्वतःचेच डोळे पुसले. बाबांचे खांदे खाली आले. इतके दिवस ते वर ओढलेले होते हे पंचशीलाला आत्ता दिसलं. ते हसले. चहात साखर कमी आहे, तुझ्या मोठीमायला चालणार नाही, असं म्हणाले. पंचशीलानंही ठरवून टाकलं की विलासदादाला माहीत नव्हतं. मोजमापानं फक्त गाडीचं कळलं होतं, माणसाचं नाही.

गाडी तिथंच ठेवायचं ठरलं. निघताना विलास म्हणाला, स्टँडवर सोडतो. समोर तीच गाडी उभी होती, तीच त्यानं काढली. बाबा त्याच्या शेजारी बसले, जीप शिकवताना बसायचे तसे. मायलेकी मागं. मोकळा रस्ता लागला आणि विलासनं वेग वाढवला. तो मोठीमायशी मागं बोलत होता, कडूबाईचे गुडघे, आता तिला कोयत्याला हात कसा लावू देत नाही, घरात बसून कशी भांडते. सिंधुबाई खुदुखुदू हसत होत्या.

बाबा रस्त्याकडे बघत नाहीत, हे पंचशीलाच्या लक्षात आलं. ते विलासच्या हातांकडे बघत होते.

दहा वाजून दहा मिनिटं नव्हती झाली. उजवा हात खाली उतरला होता, डावा वर गेला होता, आणि स्टेरिंग तेवढं उजवीकडे वळवून धरलेलं होतं. जोर लावल्याचं काही चिन्ह नव्हतं. ही गाडी कुठं ओढते आणि किती ओढते, हे ज्याच्या अंगवळणी पडलं आहे, तो माणूस जसा धरील तसं त्यानं ते धरलं होतं, बोलता बोलता, नकळत. गाडी ताणलेल्या दोरीसारखी सरळ चालली होती. त्या शर्ट भिजवणाऱ्या दिवसांत बाबांना जे साधलं नव्हतं, ते याला आधीपासून येत होतं.

"गाडी उभी कर," बाबा म्हणाले.

"स्टँड पुढं हाय की, तात्या."

"उभी कर."

विलासनं गाडी कडेला घेतली. बाबा उतरले, पुढून वळसा घालून त्याच्या खिडकीशी आले. विलासचे हात अजून तसेच होते. बाबांनी आत हात घातला, त्याचा उजवा हात मनगटाला धरून वर उचलला आणि पट्टी मारून शिकवली होती त्या जागी नेऊन ठेवला.

"तुझा हात बसलाय हिच्यावर," ते म्हणाले. "लई चांगला बसलाय."

विलासनं आपल्या हाताकडे बघितलं. त्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग त्याला कळलं. या वेळी त्यानं कुणाची आण घेतली नाही. मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत निघून गेला.

मध्येच का उतरलो, असं सिंधुबाईंनी विचारलं. बाबा म्हणाले, पाय मोकळे करायला. स्टँडपर्यंत तिघं चालत आले. दिंद्रुडच्या गाडीचा कंडक्टर जुना ओळखीचा निघाला, त्यानं केबिनमागचा बाक रिकामा करून देतो म्हटलं. बाबांनी मान हलवली आणि ते पार मागं जाऊन बसले. सिंधुबाई त्यांच्या शेजारी, पंचशीला पलीकडच्या बाकावर.

सिंधुबाई खुशीत होत्या. पोरानं फसवलं नाही यातच सगळं आलं, असं त्या म्हणत होत्या. गाडी गेली खड्ड्यात. सोन्यासारखं पोर, कसं रडलं बघा. आणि तुमचा हातही खणखणीत निघाला, उगाच जिवाला खाल्लं इतके दिवस. बाबा "हं" म्हणाले. पंचशीला खिडकीबाहेर बघत राहिली. आईला सांगायचं नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

"आता तर बोला," सिंधुबाई म्हणाल्या. "आज काय तुमी ड्रायव्हर न्हाईत. पाटी तिकडं पुढं राहिली."

बाबांनी पुढच्या बाकाचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला होता. त्यांचा उजवा हात हळूहळू खाली घसरत होता आणि ते तो पुन्हा वर घेत होते. बस सरळ चालली होती. सिंधुबाई वाट बघत होत्या.

गाव आलं तरी ते काही बोलले नाहीत.